साठीनंतरचं होस्टेल: दोघांच्या संथ जगप्रवासातला अनुभव

होस्टेलबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक विशी-पंचविशीतल्या एकट्या प्रवाशासाठी असतं. बार आहे का, वायफाय कसं आहे, स्टेशनपासून किती चालावं लागतं. पाठीवर सॅक टाकून निघालेलं, एकेका गावी आठवडे-पंधरवडे टेकणारं, गुडघे आणि गोळ्या सांभाळत जग बघणारं साठीपुढचं जोडपं काय बघतं, हे त्यात सापडत नाही. म्हणून हे लिहिते आहे. हा एखाद्या एका होस्टेलचा रिव्ह्यू नाही. इतक्या देशांत आम्ही ज्या सोयीच्या आधारावर राहिलो, त्या सोयीबद्दल मला बोलायचं आहे.

मत आधीच सांगते. पाचपैकी चार तारे, आणि तेही मनापासून. कमी पैशांत सावकाश फिरणाऱ्या वयस्कर जोडप्याला होस्टेलइतकी चांगली राहण्याची सोय दुसरी नाही असं मला वाटतं. एक तारा मी बाथरूमसाठी राखून ठेवला आहे, त्याचं कारण पुढे येईल.

मी आयुष्यभर नर्स होते आणि आमचे हे बसच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यामुळे नव्या ठिकाणी पाऊल टाकलं की माझी नजर गादी, चादर आणि ओल्या फरशीकडे जाते, ह्यांची बिजागऱ्या आणि स्क्रूंकडे. हा रिव्ह्यू त्या दोन नजरांचा आहे.

पैशांचं गणित थोडक्यात सांगते. लांबच्या प्रवासात पैसा तीन वाटांनी जातो: हलण्यात, झोपण्यात आणि खाण्यात. सावकाश फिरलं की पहिली वाट आपोआप अरुंद होते, होस्टेलमुळे दुसरी आणि होस्टेलच्या स्वयंपाकघरामुळे तिसरी. मात्र जोडप्याने एक हिशेब दर वेळी करायला हवा. डॉर्ममधल्या, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतल्या, दोन खाटांचे पैसे एकत्र केले की पुष्कळ ठिकाणी ते त्याच होस्टेलमधल्या छोट्या खासगी खोलीच्या जवळ येतात, बाथरूम बाहेर सामायिक असेल तर हमखास. आग्नेय आशियात साध्या गेस्टहाउसची खोली दोन खाटांपेक्षा स्वस्त पडलेली आम्ही पाहिली आहे. उत्तर युरोपात आणि मोठ्या राजधान्यांत मात्र डॉर्मच परवडतं. ‘डॉर्म स्वस्त’ हे एकट्या माणसाचं सूत्र आहे, दोघांनी ते तपासून घ्यावं.

आता स्वयंपाकघर. होस्टेलचा खरा मोठेपणा मला तिथे दिसला. हॉटेलच्या खोलीत केटली असते आणि बाहेर रेस्टॉरंट असतं, त्या दोन्हींच्या मधलं काहीच नसतं. तीन दिवस रेस्टॉरंटमध्ये खाणं चालून जातं, तीन महिने चालत नाही. मीठ जास्त होतं, तेल जास्त होतं, रक्तदाब वर जातो, पोट कुरकुरतं. आपल्या हाताने भात टाकता आला, भाजी शिजवता आली, अंडं उकडता आलं की शरीर रुळावर राहतं. चांगल्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात एक फळी अशी असते की जाणारे प्रवासी उरलेलं सामान तिथे ठेवून जातात: अर्धी पिशवी तांदूळ, थोडं तेल, मीठ, पास्ता, चहाची पाकिटं. त्या फळीवरून घ्यायचं आणि निघताना आपलं उरलेलं तिथेच ठेवायचं. फ्रिजमध्ये प्रत्येक पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहायची असते. तारीख उलटली की कर्मचारी ती पिशवी काढून टाकतात, आणि ते योग्यच आहे. हा नियम जिथे काटेकोर पाळला जातो तिथला फ्रिज स्वच्छ असतो. आत गेल्यावर मी आधी फ्रिज उघडून बघते. फ्रिज नीट असेल तर बाकीचं घर नीट असण्याची शक्यता खूप असते.

ह्यांना स्वयंपाकघरात वेगळंच काम मिळतं. होस्टेलच्या पातेल्यांचे दांडे हटकून ढिले असतात. रिसेप्शनवरून स्क्रूड्रायव्हर मागून आणायचा आणि एकेक दांडा घट्ट करत बसायचं हा ह्यांचा पहिल्या संध्याकाळचा कार्यक्रम. तेवढ्यात तिथे कोणीतरी विचारतं, कोणीतरी मदतीला हात लावतं आणि ओळखी होतात.

ओळखींचं हे प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे थोडं थांबते. निवृत्तीनंतर जोडपं लांबच्या प्रवासाला निघालं की लोक पैशांची काळजी करतात, आजारपणाची करतात. दिवसाचे चोवीस तास, महिनोन्‌महिने, एकाच माणसाबरोबर राहण्याबद्दल कोणी बोलत नाही. घरी आपापली कामं असतात, आपापले मित्रमैत्रिणी असतात, भांडण झालं तर दुसऱ्या खोलीत जाता येतं. हॉटेलच्या बंद खोलीत दोघंच एकमेकांसमोर. आम्ही जेव्हा जेव्हा सलग हॉटेलांत राहिलो तेव्हा आमच्यात बारीकसारीक कारणांवरून खटके उडाले. होस्टेलमध्ये तसं होत नाही. हे खाली हॉलमध्ये कोणाशी तरी बुद्धिबळ खेळत बसतात, मी स्वयंपाकघरात एखाद्या मुलीला तिच्या पायाच्या फोडावर पट्टी कशी लावायची ते दाखवत असते, आणि रात्री जेवताना दोघांकडे एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. हॉटेलने ही सोय मला कधीच दिली नाही. होस्टेल देतं, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. जोडप्यांनी होस्टेल निवडावं याचं माझ्या मते हेच पहिलं कारण आहे, स्वस्ताई त्यानंतर.

तरुण मुलं आपल्याला सामावून घेतील का, ही शंका बहुतेकांच्या मनात असते. घेतात. त्यांना रोज त्याच त्या तीन प्रश्नांचा कंटाळा आलेला असतो: कुठून आलात, किती दिवस, पुढे कुठे. आपण वेगळं काही विचारलं की ती भरभरून बोलतात. शिवाय ती दोन रात्री राहून निघतात आणि आपण तिथेच असतो, त्यामुळे आठवड्याभरात बाजार कुठला चांगला, कोणत्या नळाला गरम पाणी लवकर येतं, हे विचारायला नवी मुलं आपल्याकडेच येऊ लागतात.

होस्टेल मुळात शाळकरी मुलांसाठी सुरू झाली हे खरं आहे. रिखार्ड शिरमान नावाचे एक जर्मन शिक्षक ऑगस्ट १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळाने गाठलं आणि रात्र एका गावच्या शाळेत पेंढ्यावर काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा चालणाऱ्या मुलांना रात्रीपुरत्या का मिळू नयेत, हा विचार त्यांच्या मनात तेव्हाचा. त्यातून १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा होस्टेल उभं राहिलं. आम्ही ते बघायला मुद्दाम गेलो. किल्ला लेने नदीच्या वर उंच आहे, पण २०१४ पासून डोंगराच्या पोटातून थेट किल्ल्यापर्यंत लिफ्ट जाते, त्यामुळे ह्यांच्या गुडघ्याचा प्रश्न सुटला. पहिल्या होस्टेलच्या खोल्या तिथे संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. त्या जाडजूड लाकडी बंक खाटांसमोर मी बराच वेळ उभी होते. इतकी वर्षं गेली तरी मूळ रचना तीच आहे: एकावर एक खाट, एक सामायिक चूल, एक लांब टेबल.

वयाचा अडसर त्यानंतर फार काळ राहिला. बव्हेरियातल्या युवा होस्टेलांत २६ वर्षांवरच्या एकट्यादुकट्या प्रवाशाला कितीतरी वर्षं प्रवेशच नव्हता. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये आपल्या नावातून ‘युवा’ हा शब्द काढून ‘होस्टेलिंग इंटरनॅशनल’ हे नाव घेतलं. आज त्यांच्या बहुतेक होस्टेलांत पांढऱ्या केसांचं कोणाला काही वाटत नाही. खासगी होस्टेलांपैकी काहींनी मात्र अजून वरची मर्यादा ठेवली आहे, ३५ किंवा ४० वर्षांची, आणि ती नियमांच्या अगदी तळाला बारीक अक्षरात असते. एका राजधानीच्या शहरात रात्री उशिरा पोहोचल्यावर आम्हाला दारातून परत पाठवलं गेलं. पैसे ऑनलाइन आधी घेतले होते आणि जन्मतारीख कुठेच विचारली नव्हती. त्या रात्री मला खरोखर राग आला. मर्यादा ठेवायची तर ठेवा, पण ती बुकिंगच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. वयस्कर माणसाला मध्यरात्री रस्त्यावर उभं करणं ही वाईट सेवा आहे.

आता खाट. माझ्या मते होस्टेलची परीक्षा खाटेच्या शिडीवर होते. फोटोत सगळे गादी आणि भिंतीचा रंग बघतात, मी शिडी बघते. गोल नळीच्या पायऱ्या असलेली सरळ उभी लोखंडी शिडी असेल तर तळपायाला ती रुतते, अंधारात पाऊल घसरतं, आणि रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसासाठी ती धोक्याची आहे. चपट्या, रुंद, थोड्या कललेल्या पायऱ्या आणि वर धरायला दांडा असेल तर ते होस्टेल कोणीतरी विचार करून बांधलं आहे असं समजावं. काही नव्या होस्टेलांत शिडीऐवजी खाटेच्या टोकाला खऱ्या पायऱ्या असतात आणि पायऱ्यांच्या आत सामानाचे कप्पे. तिथे मी स्वतः वर झोपायला तयार असते. वरच्या खाटेचा कठडा गादीच्या वर चांगला वीतभर तरी यायला हवा. जाड गादी आणून टाकली की कठडा बुटका पडतो, आणि हे फोटोत दिसत नाही, विचारावं लागतं.

आम्ही बुकिंग केल्यावर लगेच खालच्या दोन खाटांसाठी निरोप पाठवतो. बहुतेक ठिकाणी ऐकतात. एका ठिकाणी ‘आम्ही लिहून ठेवलं आहे’ असं कळवूनही पोहोचल्यावर दोन्ही वरच्याच मिळाल्या, आणि रिसेप्शनवरच्या माणसाने खांदे उडवले. खोलीतली एक मुलगी काही न बोलता आपली चादर उचलून वर गेली आणि तिने ह्यांना खालची जागा दिली. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला भेटून शांतपणे सांगितलं की ही मेहेरबानी पाहुण्यांवर सोडायची गोष्ट नाही, हे तुमचं काम आहे. त्यांनी त्याच दिवशी मलाही खाली हलवलं.

रात्रीबद्दल लोक घोरण्याची तक्रार करतात. घोरणं मला त्रास देत नाही, रात्रपाळीच्या वॉर्डमध्ये इतकी वर्षं काढल्यावर दहा माणसांचा श्वास हा मला ओळखीचा आवाज वाटतो. त्रास होतो तो पहाटे चार वाजता प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सॅक भरणाऱ्यांचा आणि मोबाइलचा टॉर्च छताकडे लावणाऱ्यांचा. ज्या खाटेला जाड पडदा, स्वतःचा छोटा दिवा आणि स्वतःचं प्लग पॉइंट आहे तिथे हे सगळं निम्म्याने कमी होतं. प्लग पॉइंट आपल्या वयात चैनीचा राहत नाही: श्रवणयंत्र चार्ज करायचं असतं, काहींना झोपेतल्या श्वासासाठी मशीन लावायचं असतं. हे रात्री श्रवणयंत्र काढून ठेवतात आणि खोलीत सगळ्यांत गाढ झोपतात, पण त्यामुळे आगीची घंटा वाजली तर ह्यांना ऐकू येणार नाही. म्हणून मी कानात बोळे घालत नाही, आणि पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर पडायच्या वाटेने एकदा चालून येतो. ज्या होस्टेलात ती वाट सायकली आणि खोक्यांनी अडवलेली असते तिथे आम्ही दुसरी रात्र राहत नाही.

आणि हा तो राखून ठेवलेला तारा: बाथरूम. फरशी ओली, धरायला दांडा नाही, कपडे अडकवायला एकच हूक, पाण्याचं बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात बंद. एका हाताने बटण दाबत, एका पायावर तोल सांभाळत साबण लावायचा. पडून मोडलेलं खुब्याचं हाड म्हणजे काय हे मी जवळून पाहिलं आहे. भिंतीला एक दांडा लावायला असा काय खर्च येतो? अनेक होस्टेलांत अपंगांसाठीची एक खोली नियमाप्रमाणे असते, तिथे दांडा असतो, आणि विचारलं तर ते बाथरूम वापरू देतात. नसेल तर रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या सँडल घालूनच अंघोळ करावी. डॉर्म निवडताना बाथरूम खोलीच्या आत आहे की लांब बोळाच्या टोकाला, हेही बघून घ्यावं.

ढेकणांचा विषय टाळून चालणार नाही. महागड्या हॉटेलांतही ते असतात, त्यामुळे घाबरण्यात अर्थ नाही, तपासण्यात आहे. सॅक गादीवर टाकायची नाही. गादीच्या शिवणी, कोपरे, खाटेच्या लाकडाचे सांधे टॉर्चने बघायचे. शाईचे ठिपके पडावेत तसे काळे डाग दिसले की खोली बदलून मागायची, शेजारची नको, लांबची. कपड्यांत आले असतील असं वाटलं तर ड्रायरची कडक उष्णता अर्धा तास पुरते. बरीच होस्टेलं स्वतःची स्लीपिंग बॅग वापरू देत नाहीत, त्यामागचं कारण हेच आहे. रेशमी लायनर, म्हणजे आत शिरून झोपायची पातळ पिशवी, मात्र चालतो, वजन काहीच नसतं.

जुन्या वास्तूंतली होस्टेलं ही या सोयीतली मेजवानी आहे. स्टॉकहोममध्ये आफ चॅपमन हे १८८८ मध्ये बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज १९४९ पासून होस्टेल म्हणून उभं आहे. पाण्यावर झोपायचं, सकाळी समोर जुनं शहर. गुडघे कुरकुरत असतील तर समोरच्या किनाऱ्यावरच्या इमारतीतली खोली मागावी, ती त्याच होस्टेलचा भाग आहे आणि जहाज खिडकीतून मिळतंच. ल्युब्लियानात ऑस्ट्रो-हंगेरियन काळातल्या लष्करी तुरुंगाचं होस्टेल २००३ मध्ये झालं, त्यातली प्रत्येक कोठडी वेगवेगळ्या कलावंतांनी सजवली आहे. दोघांसाठी कोठडी मिळते, दाराला अजून गज आहेत. ह्यांनी ते दार, त्याचं कुलूप, त्याच्या बिजागऱ्या इतक्या प्रेमाने तपासल्या की मला जेवायला एकटीलाच जावं लागलं.

स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावरच्या आल्बेर्गेंबद्दल, म्हणजे यात्रेकरूंच्या होस्टेलांबद्दल, माझं मत थोडं वेगळं आहे. तिथली माणसं सोन्यासारखी. यात्रेकरूचा शिक्क्यांचा पासपोर्ट दाखवला की खाट मिळते, काही ठिकाणी पैसे ऐच्छिक, रात्री दहाला दिवे बंद, सकाळी आठच्या आत बाहेर. सेवेकरी पांढरे केस बघून न मागता खालची खाट देतात. पण आजारी नसलात तर एका जागी साधारण एकच रात्र राहता येतं, आणि सावकाश चालणाऱ्या जोडप्याला तेच जड जातं. रोज सॅक भरायची, रोज दुपारपर्यंत पुढची खाट गाठायची. फ्रान्समधल्या सेंट-जाँ-पिए-द-पोरहून स्पेनमधल्या रोन्सेसव्हालेसपर्यंतचा पहिला टप्पा सुमारे २५ किलोमीटरचा आणि पिरेनीज ओलांडणारा आहे, आमच्या वयात तो वाटेतल्या ओरिसॉनला मुक्काम करून दोन दिवसांत करावा. आम्ही पुढे तीन-चार दिवस चाललो की एखाद्या गावी साध्या खासगी खोलीत दोन रात्री थांबायचो. सांतियागोचं प्रमाणपत्र हवं असेल तर शेवटचे १०० किलोमीटर पायी पुरतात, सगळा मार्ग एका दमात चालण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

जपानमधलं कॅप्सूल, म्हणजे एका माणसापुरता झोपायचा कप्पा, आम्ही उत्सुकतेने घेतलं. हा प्रकार १९७९ मध्ये ओसाकात सुरू झाला, रचना किशो कुरोकावा या वास्तुरचनाकाराची. स्वच्छतेला शंभर गुण, शांततेला शंभर. पण बहुतेक ठिकाणी बायकांचा मजला वेगळा, पुरुषांचा वेगळा. एखादी रात्र गंमत म्हणून ठीक, संथ मुक्कामासाठी नाही. तिथे आम्ही साध्या होस्टेलची तातामीची, म्हणजे गवती चटयांची, खोली पसंत केली. मात्र जमिनीवरच्या गादीवरून उठायला ह्यांना खुर्चीचा आधार लागायचा, ती आधी मागून घेतलेली बरी.

संथपणाचा सगळ्यांत मोठा लाभ आम्हाला दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियात मिळाला. तिथल्या एल चाल्तेन गावातून फिट्झ रॉय हा डोंगर दिसतो असं म्हणतात, म्हणजे ढग असले तर दिसत नाही, आणि ढग पुष्कळ दिवस असतात. दोन रात्रींचं बुकिंग करून आलेली मुलं वारा-पाऊस बघून निघून जायची. आम्ही होस्टेलात थांबलो. रोज सकाळी खिडकीतून डोंगराकडे बघायचं, नसला तर सूप टाकायचं, पुस्तक वाचायचं, कपडे धुवायचे. एका पहाटे सगळं आभाळ मोकळं झालं. वरच्या तळ्याकडे जाताना शेवटच्या एका किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटरचा चढ आहे. हे खालीच थांबले, “तू जा गं, मी इथूनच बघतो,” म्हणाले, आणि मी एका जर्मन आजीबरोबर वर गेले. तिची ओळख आदल्याच रात्री स्वयंपाकघरात झाली होती. घाईत असते तर मला डोंगरही मिळाला नसता आणि तीही.

ही सोय कायम राहील असं मात्र गृहीत धरू नका. न्यूझीलंडमध्ये वायएचए या युवा होस्टेल संघटनेने स्वतः चालवलेली होस्टेलं कोविडनंतर डिसेंबर २०२१ मध्ये बंद केली. तिथल्या संवर्धन खात्याच्या ९५० हून अधिक झोपड्या डोंगरांत आहेत आणि साध्या वाटेवरच्या काही वयस्करांनाही सहज जमतात, पण तिथे लांबलचक सामायिक फळीवर रांगेत गाद्या असतात आणि खायचं-प्यायचं सगळं पाठीवर न्यावं लागतं. नॉर्वेच्या डीएनटी या १८६८ पासूनच्या पर्यटन संघटनेच्या सेल्फ-सर्व्हिस केबिन मला विलक्षण आवडल्या. सभासदाला किल्ली मिळते, आत कोणी नसतं, कपाटात कोरडं आणि डबाबंद अन्न असतं. जे वापरलं ते कागदावर लिहायचं, पैसे नंतर भरायचे, लाकडं फोडून चूल पेटवायची आणि निघताना झाडून जायचं. इतका विश्वास टाकणारी सेवा मी दुसरीकडे पाहिली नाही.

औषधांबद्दल एक सूचना, नर्स म्हणून. इन्सुलिन सामायिक फ्रिजमध्ये ठेवू नका. कोणीतरी दूध ठेवताना ते मागे ढकलतं, मागच्या भिंतीला लागून ते गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. रिसेप्शनच्या आतल्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, बहुतेक जण आनंदाने ठेवतात. गोळ्या नेहमी लॉकरमध्ये, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या, कुलूप आपलं न्या. आणि दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिका मार्गावर असेल तर पीतज्वराच्या लसीबद्दल महिनोन्‌महिने आधी डॉक्टरांशी बोला. साठीनंतर ती पहिल्यांदा घेताना जास्त विचार करावा लागतो, आणि हा निर्णय होस्टेलच्या टेबलावर बसून घेण्यासारखा नाही.

होस्टेल कोणी टाळावं? ज्यांना झोप फार हलकी आहे आणि खासगी खोली परवडत नाही त्यांनी. ज्यांना अनोळखी माणसांसमोर नाइट ड्रेसमध्ये वावरणं नकोसं वाटतं त्यांनी. हल्लीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर नक्कीच. बाकीच्यांनी बुकिंगच्या आधी निरोप पाठवून विचारावं: लिफ्ट आहे का, नसेल तर खोली कितव्या मजल्यावर, खालच्या दोन खाटा नक्की मिळतील का, खाटेजवळ प्लग आहे का, स्वयंपाकघर दिवसभर उघडं असतं की साफसफाईसाठी बंद होतं, दुपारी खोली रिकामी करायला लावता का, वयाची मर्यादा आहे का, आठवड्याचा दर वेगळा आहे का, सलग जास्तीत जास्त किती रात्री राहू देता, कारण काही ठिकाणी दोन आठवड्यांच्या पुढे राहू देत नाहीत. आम्ही आधी तीन रात्रींचंच पैसे भरून बुकिंग करतो आणि जागा आवडली की तिथेच पुढचे दिवस वाढवून घेतो. समोरासमोर बोलल्यावर आठवड्याचा दर बहुतेकदा कमी होतो. निरोपाला दोन दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आठ प्रश्नांपैकी एकाचंच आलं, तर आम्ही ती जागा सोडून पुढच्या होस्टेलला लिहितो.